मेंढीचे ऋण

मराठी भाषेने मेंढीवर मोठा अन्याय केला आहे. ज्याला स्वतःची अक्कल नाही, त्याला आपण खुशाल ‘मेंढरू’ म्हणून मोकळे होतो. मंडणगडच्या आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीने मात्र मला या शब्दाचा पुन्हा विचार करायला लावले.

लहानपणी तिचा घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले. ताप गेला, पण जाताना हृदयाची एक झडप बिघडवून गेला. संधिवाताचा ताप तो हाच. पुढे मुंबईला तिची झडप बदलली. परतल्यावर तिने विचारले, “सर, अशी झडप माणसाआधी कुणाच्या हृदयात घालून पाहिली असेल?” मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न! पण तिच्या कागदांवर झडपेचे नाव होते ‘चित्रा’, आणि शोध घेता उत्तर मिळाले : मेंढीच्या.

हृदयाची झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा त्याची उघडमीट होते. ती यंत्रावर मोजता येते. पण नव्या दारावर रक्ताची गुठळी धरते की काय, हे वाहते रक्तच सांगू शकते.

आरंभी हे काम कुत्र्यांवर झाले. अमेरिकेत डॉ. स्टार आणि इंजिनियर एडवर्ड्स यांनी घडवलेल्या झडपांवर कुत्र्यांच्या शरीरात गुठळ्या धरत आणि ती दगावत. त्यातून शिकत शिकत १९६० साली त्यांनी माणसाला झडप बसवली. आपल्या मुंबईत, के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही हृदयरोपणाचा हात कुत्र्यांवरच बसवला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये माणसाचे हृदय बदलले. रोगी काही तासच जगला. पण वाट पडली.

झडपेसाठी मात्र कुत्रा पुरेसा ठरेना. डुकराचे हृदय माणसासारखे. पण ते इतक्या झपाट्याने वाढते की बसवलेली झडप लवकरच अपुरी पडते. मेंढीचे हृदय आकाराने आपल्या जवळचे, वाढ बेताची, स्वभाव गरीब. शिवाय प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपांवर चुना साचतो, तो कोवळ्या मेंढीत फार लवकर. माणसात अनेक वर्षांनी दिसणारा दोष तिच्यात काही महिन्यांत उघड होतो.

परदेशी झडप गरिबांना परवडेना, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांनी देशी झडप घडवायला घेतली. पहिले नमुने टिकले नाहीत. अखेर धातूची चौकट आणि प्लॅस्टिकची चकती असा मेळ जमला, मेंढ्यांत तो उतरला, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या रोग्याला ती झडप बसली. पुढे लाखाहून अधिकांना बसली.

मेंढीला कुणी विचारले नव्हते, हे खरेच. अशा प्रयोगांवर आज १९६० च्या कायद्याखालील समितीची देखरेख असते. पण ऋण कायद्याने फिटत नाही. ते फेडण्याची एक वाट आपल्या घरातच आहे. मूल घसा दुखतो म्हणाले, अंगात ताप असला, तर हळदीच्या दुधावर न थांबता डॉक्टरांना दाखवावे. दुखणे जंतूंचे असेल तर पेनिसिलीन वेळेवर मिळाले म्हणजे संधिवाताचा ताप बहुधा टळतो. जी झडप बिघडलीच नाही, तिच्यासाठी ना मुलाला टेबलावर निजावे लागते, ना मेंढीला.