पृष्ठचिन्हांची साक्ष : ग्लिया पूर्वपेशींच्या शोधाचा आढावा

चेतासंस्थेच्या संशोधनाचा इतिहास फार काळ चेतापेशींभोवतीच फिरत राहिला. आणि ज्या पेशी या चेतापेशींना आधार देतात, त्यांच्या अक्षतंतूंवर मायलिनचे आवरण चढवितात आणि त्यांच्या भोवतालच्या रसायनांचा समतोल राखतात, त्या ग्लिया पेशींची नोंद मात्र दुय्यम रकान्यात होत राहिली. रुडोल्फ फिर्खो यांनी १८५६ साली या वर्गाला न्यूरोग्लिया हे नाव दिले खरे. परंतु त्यातील मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोसाइट हे पोटभेद स्पष्ट होण्यासाठी १९१९ ते १९२१ या काळातील, माद्रिदच्या पीओ देल रिओ ओर्तेगा यांच्या रौप्यक्षारांच्या रंजनतंत्राची वाट पाहावी लागली. हे तंत्र मृत ऊतींवर चालणारे, आणि त्यातून दिसे तो केवळ आकार. पूर्ण वाढलेल्या पेशीला स्वतःचा असा आकार असतो. जिचे भवितव्य अद्याप मुक्रर झालेले नाही अशा पूर्वपेशीला तो पुरतेपणी आलेला नसतो. म्हणून तिचा माग काढण्यासाठी पेशीपटलावर बाहेरून दिसणाऱ्या रेणूंचा, अर्थात पृष्ठचिन्हांचा, आश्रय घ्यावा लागला.

या मार्गाचे साधन केंब्रिज येथे सिद्ध झाले. गेऑर्ग क्योलर आणि सेझार मिलस्टीन यांनी १९७५ साली एकाच प्रतिजनाला चिकटणारे एकजातीय प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची रीत दाखविली, आणि अवघ्या चार वर्षांत, म्हणजे १९७९ साली, आयझेनबार्थ, वॉल्श आणि निरेनबर्ग यांनी कोंबडीच्या गर्भातील दृष्टिपटलाच्या पेशींचा उपयोग करून ए२बी५ हे प्रतिपिंड मिळविले. ते गँग्लिओसाइड वर्गातील शर्करायुक्त स्निग्ध रेणूंना चिकटते. मुळात ते चेतापेशींच्या ओळखीसाठी पुढे आले होते; पण त्याची मोठी कीर्ती झाली ती ग्लियाच्या क्षेत्रात.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे मार्टिन रॅफ, रॉबर्ट मिलर आणि मार्क नोबल यांनी १९८३ साली उंदराच्या सात दिवसांच्या पिलाच्या नेत्रतंत्रिकेतील पेशी पात्रात वाढविल्या, तेव्हा ए२बी५ धारण करणाऱ्या काही पेशींच्या ठायी एक विलक्षण द्विविध सामर्थ्य आढळले: रक्तरस (सीरम) नसलेल्या माध्यमात त्या गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड धारण करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट होत, आणि वासराच्या गर्भाचा रक्तरस भरपूर मिसळला की त्यांतून तारकापेशी (अ‍ॅस्ट्रोसाइट) निपजत. या पेशीस ओ-२ए असे नाव मिळाले. परंतु पात्रात सहज दिसलेल्या या, ‘दुसऱ्या प्रकारच्या’ म्हटल्या गेलेल्या, तारकापेशी जिवंत प्राण्याच्या नेत्रतंत्रिकेत स्वाभाविक वाढीच्या ओघात निर्माण होतात याचा भक्कम दाखला पुढील शोधांतून मिळाला नाही. पेशी काय होऊ शकते आणि ती प्रत्यक्षात काय होते, हे दोन प्रश्न अलग आहेत. पृष्ठचिन्ह त्यांपैकी एकाचेही उत्तर एकट्याने देत नाही. या साऱ्या क्षेत्राचा बोध मला याच एका वाक्यात सामावलेला वाटतो.

सोमर आणि शाख्नर यांनी १९८१ साली ओ-१ ते ओ-४ ही प्रतिपिंडांची मालिका प्रसिद्ध केली. त्यांतील ओ-४ हे सल्फटाइड ओळखते आणि उत्तरकालीन पूर्वपेशीच्या टप्प्यावर, गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड उमटण्यापूर्वी, दिसू लागते. ओ-१ त्यानंतरच्या अवस्थेचे निदर्शक. ए२बी५, ओ-४ आणि ओ-१ या क्रमाने पेशीच्या वयाचा अंदाज बांधता येतो. मात्र हे सर्व प्रतिजन स्निग्ध जातीचे असल्यामुळे अपमार्जक द्रव्य किंवा अल्कोहोल लावताच ते पटलावरून धुऊन जातात. म्हणून जाणता संशोधक रंजन जिवंत पेशीवरच करतो, आणि तसे न करणाऱ्याला उमटलेल्या अभावाचा अर्थ लावताना चकवा बसतो.

प्रथिन जातीची चिन्हे याहून टिकाऊ ठरली. विल्यम स्टॉलकप यांनी वर्णिलेले एनजी-२ हे काँड्रॉइटिन सल्फेटयुक्त प्रचंड प्रोटिओग्लायकन आहे, आणि त्याचे मानवी प्रतिरूप त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगाच्या अभ्यासातूनही पुढे आले. त्याच्या जोडीला प्लेटलेटजन्य वृद्धिघटकाचा अल्फा ग्राही आला. हा वृद्धिघटक पूर्वपेशींना विभाजनास उद्युक्त करतो, हे १९८८ च्या सुमारास सिद्ध झाले होते. त्यामुळे हा ग्राही केवळ खूण न राहता पेशीच्या कार्याचे साधनही ठरतो. अकिको निशियामा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दोन्ही चिन्हे एकाच पेशीवर एकत्र असल्याचे दाखविले. तरीही एनजी-२ रक्तकेशिकांना लगटून असणाऱ्या पेरिसाइट पेशींवरही असते, हे विसरून चालत नाही. एक चिन्ह संशय निर्माण करते. दुसरे त्याची खातरजमा करते.

मेरुरज्जूच्या बाबतीत महेंद्र राव आणि मार्गोट मायर-प्रोशेल यांनी १९९७ साली उंदराच्या गर्भातून ए२बी५ धारण करणाऱ्या अशा पूर्वपेशी मिळविल्या, ज्या ऑलिगोडेंड्रोसाइट आणि तारकापेशी निर्माण करीत, पण चेतापेशी नव्हे. आरंभी त्यांवर अल्फा ग्राहीही नसे. यानंतर तारकापेशींच्या पूर्वजांसाठी सीडी-४४ हे हायलुरोनान-ग्राही चिन्ह सुचविले गेले. परंतु ते प्रतिकारसंस्थेच्या पेशींवरही विपुल असल्याने ऊतीचे स्थान ध्यानी घेतल्यावाचून त्याचे मोल ठरत नाही.

या पेशी केवळ गर्भावस्थेच्या नाहीत. प्रौढ उंदरात एनजी-२ धारण करणाऱ्या पेशींचे प्रमाण श्वेतद्रव्यात सुमारे ८ ते ९ टक्के, तर धूसरद्रव्यात २ ते ३ टक्के आढळले. आणि ड्वाइट बर्गल्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली हिप्पोकॅम्पसमधील पूर्वपेशींवर चेतापेशींच्या ग्लुटामेटवर चालणाऱ्या चेतासंधी (सिनॅप्स) असल्याचे दाखवून त्यांच्या कार्याचा प्रश्न अधिकच गहन केला.

मानवी आरोग्याशी याचा संबंध थेट आहे. अकाली जन्मलेल्या बालकांत, २३ ते ३२ आठवड्यांच्या धोक्याच्या काळात, श्वेतद्रव्यात ओ-४ धारण करणाऱ्या उत्तरकालीन पूर्वपेशींचे प्राबल्य असते आणि प्राणवायूच्या अभावाने त्याच अधिक होरपळतात. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या जखमांतही पूर्वपेशी अस्तित्वात असतात, पण अनेकदा मायलिन घडविण्यापर्यंत पोहोचत नाहीत. रोचेस्टर येथे फ्रेझर सिम, स्टीव्हन गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली गर्भावस्थेतील मानवी मेंदूतून सीडी-१४०ए, म्हणजे तोच अल्फा ग्राही, धारण करणाऱ्या पेशी वेचून मायलिनहीन शिव्हरर उंदरांत प्रत्यारोपित केल्या, तेव्हा तेथे मायलिन निर्माण झाले. चिन्ह हे येथे केवळ ओळखीचे साधन न राहता उपचाराच्या पूर्वतयारीचे झाले.

या साऱ्या तपशिलातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. पृष्ठचिन्ह म्हणजे पेशीचा जन्मदाखला नव्हे. ते त्या क्षणी, त्या स्थळी पेशी काय करीत आहे याची साक्ष आहे, आणि साक्षीचे मोल तिच्या जोडीदार साक्षींवर अवलंबून असते. ज्या प्रयोगशाळा दोन किंवा तीन चिन्हे एकत्र तपासतील, ऊतीचे स्थान व गर्भाचे वय नोंदवतील, आणि वेचलेल्या पेशीचे भवितव्य प्राण्यात पारखून पाहतील, त्यांचेच काम रुग्णाच्या उपयोगी पडेल. एका चिन्हाच्या आधारावर पेशीला कायमचे नाव बहाल करणे, मग ते कितीही सोयीचे असो, वैज्ञानिकाच्या कर्तव्यात बसत नाही.