सीमोल्लंघन : गायकाचे आणि श्रोत्याचेही

चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीने १ जानेवारी २०२५ रोजी टी. एम. कृष्ण या गायकास ‘संगीत कलानिधी’ ही पदवी प्रदान केली. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची ही पदवी कर्नाटक संगीतातील सर्वोच्च मान समजली जाते, आणि ती मिळवणाऱ्या कलावंताचे सर्वांनी अभिनंदन करावे अशी सर्वसाधारण रीत आहे. या वेळी मात्र मार्च २०२४ मध्ये निवड जाहीर होताच काही नामवंत गायक-गायिकांनी अकॅडमीच्या महोत्सवातून आपली नावे मागे घेतली. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या नावे या मानकऱ्यास दिल्या जाणाऱ्या एका पुरस्काराचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गळ्याविषयी आणि विद्येविषयी फारसा कोणाचा आक्षेप नसताना एका गायकाच्या सन्मानावरून एवढे वादळ उठावे, ही घटना संगीताबाहेरच्या वाचकानेही विचारात घेण्याजोगी आहे.

कृष्ण यांच्या चाहत्यांत दोन तट आहेत. एकास त्यांचे गाणे हवे, पण भाषणे नकोत. त्यांनी राग आळवावा, त्यागराजांच्या कृती गाव्यात, आणि जातिभेदावर लिहिण्याचे काम इतरांवर सोपवावे, असे या तटास वाटते. दुसऱ्यास त्यांची भाषणे आणि लेख हवेत, परंतु तासभर चाललेला रागविस्तार ऐकण्याची तयारी नाही. दोघांचेही प्रेम खोटे नाही. तथापि ज्या कलावंताच्या सीमोल्लंघनाचे कौतुक होते, त्याचे अर्धे अंग या दोघांनीही सीमेपलीकडेच ठेवले आहे. हद्दी ओलांडणाऱ्या कवी-गायकांवर प्रेम करणाऱ्या रसिकाने स्वतः किती पावले टाकावयाची, हा खरा प्रश्न आहे.

१९७६ साली चेन्नईत जन्मलेल्या कृष्ण यांना सीतारामशर्मा आणि सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांच्यासारख्या गुरूंकडून शिक्षण मिळाले. कर्नाटक संगीताचा इतिहास आणि त्यातील सामाजिक गुंता यांची चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये त्यांनी चेन्नईच्या सुप्रसिद्ध मार्गळी हंगामात यापुढे न गाण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी ऊरूर-ओल्कॉट कुप्पम या समुद्रकाठच्या कोळीवस्तीत, तेथील रहिवाशांच्या सहभागाने, एक कलामहोत्सव सुरू झाला. ज्या व्यासपीठावर रागसंगीत, त्याच व्यासपीठावर परै हे दलित वस्त्यांतील चर्मवाद्य, अशी तेथील मांडणी होती. पुढे २०१६ मध्ये कृष्ण यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कवी परत आला तो असा

याच सुमारास त्यांची वाट पेरुमाळ मुरुगन यांच्या वाटेस येऊन मिळाली. मुरुगन हे पश्चिम तमिळनाडूतील शेतकरी मुलखातले कादंबरीकार, आणि पेशाने तमिळचे प्राध्यापक. ‘मादोरुभागन’ या त्यांच्या कादंबरीवर २०१४ च्या अखेरीस काही जातीय व धार्मिक संघटनांनी गदारोळ केला. प्रशासनाने बोलावलेल्या बैठकीत त्यांच्याकडून माफी लिहून घेण्यात आली. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी आपल्यातील लेखक मेला असे जाहीर केले. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि लेखकाने पुन्हा लिहिते व्हावे अशी अपेक्षा व्यक्त केली. त्या मौनाच्या काळात मुरुगन यांनी कविता लिहिल्या होत्या. निकालानंतर त्यांचे पहिले पुस्तक आले ते त्याच कवितांचे. त्याच्या नावात त्यांनी स्वतःला ‘भ्याड’ म्हणवून घेतले आहे.

या कवीला कृष्ण यांनी कीर्तनै लिहिण्याचा आग्रह धरला. मराठी वाचकाने येथे हरिदासी कीर्तन डोळ्यांपुढे आणू नये. पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण अशा बंधातली ही गेय रचना असून कर्नाटक मैफलीचा कणाच तो आहे. शतकानुशतके या बंधात देवदेवतांची स्तुती भरली गेली. मुरुगन यांनी त्यात पंचमहाभूते आणली. पुढे वैकम सत्याग्रहाच्या शताब्दीच्या निमित्ताने, २०२३ मध्ये, पेरियार रामस्वामी यांच्यावरची रचनाही आणली. यापूर्वी, २०१७ मध्ये, कबेर वासुकी या तरुण गीतकाराचे ‘पोरंबोक’वरचे गीत कृष्ण यांनी गायिले होते. पोरंबोक म्हणजे गावाच्या सामायिक वापराची, कोणा एकाच्या मालकीची नसलेली जमीन. आजच्या चेन्नईत हा शब्द शिवीसारखा वापरतात. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेने आणि अतिक्रमणांनी आक्रसत चाललेल्या एण्णोर खाडीच्या काठी त्या गीताचे चित्रण झाले. भाषा चेन्नईच्या रस्त्यावरची, राग मात्र शुद्ध शास्त्रोक्त. नाक मुरडणाऱ्यांची अडचण अशी झाली की, त्यात रागाचे काही बिघडले असे दाखवता येईना.

सीमा आखली कोणी?

परंपरेस बाट लागतो, असा आक्षेप घेणाऱ्यांनी ती परंपरा कशी घडली हेही पाहिले पाहिजे. आज कर्नाटक गायनाची साथ व्हायोलिनवाचून कल्पिताच येत नाही, आणि ते वाद्य युरोपातून आले आहे. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडवर वाजणाऱ्या चालींना संस्कृत शब्द दिले. तंजावरात मराठ्यांचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत होते. तेथे गेलेल्या मराठी कीर्तनकारांच्या साकी-दिंड्या तमिळ हरिकथेत मुरल्या, आणि अभंग तर तमिळ भजनी मंडळांत आजही गायिले जातात. नागस्वरवादकांच्या आणि देवदासींच्या घराण्यांनी जतन केलेली विद्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरी संगीतसभांत स्थिरावली, तेव्हा त्या घराण्यांतील बहुतेकांना मात्र त्या सभांत मानाची जागा उरली नाही. तात्पर्य, संगीत जुने आहे. त्याभोवतीचे कुंपण त्या मानाने बरेच अलीकडचे आहे.

कृष्ण यांचे २०२० मधील पुस्तक याच कुंपणाविषयी आहे. मृदंगम् तयार करण्यासाठी गाय, बैल, म्हैस, बकरी अशा जनावरांचे कातडे लागते. ते निवडणे, कमावणे, ताणणे आणि स्वरात आणणे हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः दलित ख्रिस्ती कारागिरांनी केले. पालघाट मणी अय्यरांच्या वादनाची थोरवी सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या वाद्यास नाद देणारा तंजावरचा परलांदु किती रसिकांस ठाऊक होता? या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी दिलेली सभागृहाची परवानगी चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने ऐनवेळी मागे घेतली आणि समारंभ दुसरीकडे करावा लागला.

महाराष्ट्रातील वाचकास अधिक जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट आहे. कृष्ण यांनी यल्लम्माच्या उपासक जोगप्पांसह एकाच मंचावर गायन केले. पुरुषदेहाने जन्मून देवीच्या नावाने स्त्रीवेष स्वीकारलेला हा समाज, आणि त्याच्या हातातले चौंडके, कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या लोकांना अपरिचित नाहीत. सौंदत्तीच्या वाटेवरचे हे चौंडके आपण यात्रेत ऐकतो, क्वचित नाणे टाकतो आणि पुढे जातो. शास्त्रीय संगीताच्या मंचावर ते आले की त्याच वाद्याला टाळ्या पडतात.

पलीकडून येणाऱ्यांचे काय?

येथेच उत्साही चाहत्याने थोडे थांबावे. प्रतिष्ठित घरातला, प्रतिष्ठित विद्येचा धनी खाली उतरून आला की त्याच्या धैर्याची वाखाणणी होते, आणि ती योग्यच आहे. परंतु जो पलीकडून अलीकडे येतो, त्याला तोच मान मिळतो काय? पा. रंजित या दिग्दर्शकाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वृंदाने जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत पहिला कार्यक्रम केला. उत्तर चेन्नईच्या गरीब वस्त्यांत मर्तिकाच्या वेळीही गायिले जाणारे ‘गाणा’ हे गीत त्यांनी पाश्चात्त्य रॅप आणि रॉकशी जोडले. त्यातलाच अरिवू हा कवी-गायक. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एन्जॉय एन्जामी’ या गीताने तो कोट्यवधी श्रोत्यांपर्यंत पोहोचला. श्रीलंकेतील चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीनांची आठवण त्या गीताच्या मुळाशी आहे. असे असता, त्याच वर्षी एका संगीतविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर संबंधित गीतांतील अन्य गायक झळकले आणि अरिवू तेवढा वगळला गेला. टीका झाल्यावर त्याच्यासाठी निराळे मुखपृष्ठ काढण्यात आले. सीमा ओलांडण्याचे श्रेयही सीमेच्या कोणत्या बाजूस जन्म झाला यावर ठरत असेल, तर रसिकांच्या उत्साहात काही उणीव आहे, असेच म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. हेतू चांगला म्हणून गाणे चांगले ठरते का, असे विचारणाऱ्यास प्रतिगामी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण प्रश्न रास्त आहे. पंचमहाभूतांवरची रचना रागात रुजत नसेल, शब्द स्वरावर चिकटवल्यासारखे वाटत असतील, तर चाहत्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. किंबहुना तसे सांगणाराच खरा चाहता होय. मात्र हीच कसोटी देवस्तुतीच्या रचनांनाही लावावी लागेल. विषय पवित्र असल्याने सामान्य रचना थोर ठरत नाही, आणि विषय पेरियार किंवा पोरंबोक असल्याने उत्तम रचना हलकीही ठरत नाही. या वादात ज्यांनी पदवीस विरोध केला त्यांनी गाण्यातल्या दोषाकडे क्वचितच बोट दाखवले. त्यांच्या तक्रारींचा रोख गायकाच्या मतांकडे, विशेषतः पेरियारांच्या गौरवाकडे होता.

हे चित्र मराठी रसिकास सर्वस्वी परके नाही. देवासला राहून माळव्याच्या लोकगीतांतून रागांची बीजे वेचणाऱ्या कुमार गंधर्वांविषयी एकेकाळी किती तीव्र मतभेद होते, हे जुन्या श्रोत्यांना स्मरत असेल. ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला तेव्हा मराठी कवितेची भाषा विटाळली असे वाटणारे सुशिक्षित थोडे नव्हते. आज दोघांचीही नावे आदराने घेतली जातात. पण काळ लोटल्यावर आदर दाखवण्यात रसिकाला काही मोजावे लागत नाही. हद्द ओलांडली जात असताना, शेजारचा श्रोता उठून जात असताना, आपण आसनावर बसून राहतो की नाही, यात त्याची परीक्षा आहे.

तेव्हा कृष्ण यांच्या भाषणावर खूष असणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांचा एखादा रागविस्तार अखेरपर्यंत ऐकावा. सवय नसलेल्या कानाला तेही सीमोल्लंघनच आहे. त्यांच्या आलापीवर लुब्ध असणाऱ्या जाणकाराने मुरुगन यांची कविता वाचावी, अरिवूचे गीत ऐकावे, आणि आवडले नाही तर का आवडले नाही हे स्वतःस विचारावे. आणि पुढील यात्रेत चौंडक्याचा आवाज कानी आला, तर मंचाची वाट न पाहता तेथेच थांबून ते नीट ऐकावे.