वंगण तेलाच्या कमी दाबाचा इशारा (डिझेल मोटारगाडी)

वंगण तेलाच्या कमी दाबाचा इशारा म्हणजे इंजिनातील तेलाचा दाब सुरक्षित मर्यादेखाली गेल्याची चालकास मिळणारी सूचना होय. चालकासमोरील फलकावर थेंब गळणाऱ्या तेलाच्या बुधल्याचे लाल चित्र उजळते. काही गाड्यांत सोबत घंटीही वाजते. बोलीभाषेत यास ‘ऑइलचा दिवा’ म्हणतात. फलकावरील ज्या मोजक्या दिव्यांचा अर्थ ‘गाडी लगेच थांबवा’ असा होतो, त्यांपैकी हा एक आहे. चावी फिरवल्यावर तो उजळणे आणि इंजिन सुरू होताच काही सेकंदांत विझणे, ही त्याची नेहमीची वागणूक. चावी फिरवूनही तो मुळीच न उजळल्यास दिवा, तार किंवा दाबाचा स्विच नादुरुस्त असण्याचा संभव असतो, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

दाबाचे कार्य

इंजिनाचा भुजादंड, ज्यास गॅरेजात क्रँकशाफ्ट म्हणतात, धारव्यांमध्ये म्हणजे बेअरिंगांमध्ये फिरतो. दोन्ही धातूंचा एकमेकांस प्रत्यक्ष स्पर्श होत नाही. मध्ये केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असा तेलाचा पापुद्रा असतो. हा पापुद्रा भार कसा पेलतो, याचा शोध काहीसा योगायोगाने लागला. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे रेल्वेच्या धारव्यांवर प्रयोग करीत असता धारव्याच्या वरच्या बाजूस पाडलेल्या छिद्रातून तेल वर येऊ लागले. छिद्रात ठोकलेली लाकडी खुंटीही तेलाने बाहेर ढकलली. फिरणारा दंड स्वतःच तेलास ओढून प्रचंड दाब निर्माण करतो, हे त्यावरून उमगले. टॉवर यांचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला आणि ऑसबर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली त्याची गणिती मीमांसा केली.

म्हणजे भार पेलणारा दाब पंप देत नाही. पंपाचे काम धारव्यांना अखंड तेल पुरवण्याचे. इंजिनावर चालणारा हा पंप तळाच्या तबकातून जाळीवाटे तेल खेचतो आणि फिल्टरमधून सर्वत्र पोहोचवतो. दाब फार वाढल्यास एक झडप जास्तीचे तेल परत सोडते. हे तबक गॅरेजात ‘चेंबर’ या नावाने परिचित आहे. गरम इंजिन रिकामे चालत असता दाब साधारण १ बार किंवा थोडा अधिक आणि वेगात ३ ते ५ बार असतो, तरी नेमके आकडे गाडीगणिक बदलतात. दिवा लावणारा स्विच मात्र पुष्कळ गाड्यांत ०.३ ते ०.७ बारच्या आसपास जुळतो. दिवा उजळतो तेव्हा दाब कमी होऊ लागलेला नसून जवळजवळ संपलेला असतो, तो या कारणाने.

डिझेल इंजिनात सिलिंडरातील दाब जास्त असल्याने धारव्यांवरचा भारही जास्त असतो. शिवाय आजच्या जवळजवळ सर्व डिझेल मोटारींना टर्बो असतो. त्याचा दंड मिनिटाला एक ते दोन लाख फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पापुद्र्यावरच तरंगतो. तेल तुटल्यास बहुधा प्रथम त्याचाच बळी जातो.

कारणे

सर्वांत साधे कारण तेल कमी असणे. ते गळते, जळते किंवा खडबडीत रस्त्यावर दगड लागून चेंबर फुटल्याने वाहून जाते. चेंबर न फुटता नुसता आत दबला तरी जाळीचे तोंड अडू शकते. तेव्हा पट्टीवर तेल पूर्ण दिसते आणि दिवा मात्र उजळतो. वळणावर किंवा ब्रेक दाबताना दिवा क्षणभर लुकलुकल्यास तेलाची पातळी इतकी खाली गेलेली असते की ते जाळीपासून बाजूस सरकते.

डिझेल गाडीचे खास कारण म्हणजे तेलात इंधन मिसळणे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनंतर डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी सर्वत्र आली. साठलेली काजळी जाळण्यासाठी काही इंजिनांत सिलिंडरात उशिरा जादा डिझेल फवारले जाते. त्यातील थोडे भिंतीवरून ओघळून तेलात उतरते आणि पेट्रोलप्रमाणे सहज उडून जात नाही. शहरातल्या लहान लहान फेऱ्यांत ही जाळणी वारंवार अर्धवट राहते. मग तेल पातळ होऊन दाब घटतो आणि पट्टीवरील पातळी मात्र वाढते. तेल न ओतता वाढलेली पातळी हे समाधानाचे लक्षण नव्हे. ती फार वाढल्यास इंजिन हवेच्या मार्गाने स्वतःचेच तेल ओढून जाळू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

तेलाची मुदत टळल्यास काजळी व गाळ जाळीवर साचतो. इंजेक्टरच्या बुडाची तांब्याची चकती गळत असल्यास काजळी थेट तेलात जाऊन हीच अवस्था लवकर येते. चुकीच्या श्रेणीचे पातळ तेल, झिजलेले धारवे, उघडी अडकलेली झडप व खराब स्विच ही उरलेली कारणे. पंपच फिरेनासा झाल्याचे प्रसिद्ध उदाहरण फोक्सवॅगन समूहाच्या काही २.० लिटर टीडीआय इंजिनांचे आहे. त्यांत पंप फिरवणाऱ्या षट्कोनी दांड्याच्या कडा झिजून गोल होत आणि तेल भरलेले असूनही दाब एकाएकी नाहीसा होई.

इशारा मिळाल्यावर

प्रवेगकावरील पाय काढून गाडी सुरक्षित कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. घाटाच्या उतारावर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: इंजिन बंद होताच सुकाणू जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. म्हणून धावत्या गाडीची चावी काढू नये. सुकाणू कुलूपबंद होण्याचा धोका असतो. गाडी थांबल्यावर धोक्याचे दिवे व परावर्तक त्रिकोण लावावा.

सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबून पट्टी पाहावी. तेल किमान खुणेच्या खाली असून गाडीखाली गळती दिसत नसल्यास पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचे तेल घालून इंजिन सुरू करता येते. काही सेकंदांत दिवा विझला नाही तर ते तत्काळ बंद करावे. पातळी मुळातच ठीक असेल, किंवा वाढलेली असेल, तर इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढून न्यावी. ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ या हिशेबाने हजारांचे काम लाखावर जाते, कारण तेलाविना धारवे वितळून इंजिन जाम होण्यास तेवढे अंतर पुरे पडते.

तपासणी

‘सेन्सर गेला असेल’ हा निष्कर्ष पुष्कळदा खराही ठरतो, पण तो सिद्ध करावा लागतो. स्विच काढून त्या जागी यांत्रिक दाबमापक जोडतात आणि गरम इंजिनाचा दाब रिकाम्या चालीत व वेगात मोजतात. दाब योग्य भरल्यास दोष स्विचचा किंवा तारेचा. कमी भरल्यास चेंबर उतरवून जाळी पाहतात, फिल्टर कापून त्यात धातूचा चकचकीत चुरा आहे का ते तपासतात. चुरा आढळल्यास नुसता पंप बदलून भागत नाही. टर्बोची तेलनळी व तेल थंड करणारा भाग यांतही कण अडकून राहतात आणि नव्या धारव्यांत पोहोचतात. म्हणून ते स्वच्छ करावे किंवा बदलावे लागतात. दुरुस्तीनंतर नवा फिल्टर रिकामा असल्याने इंधनपुरवठा बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवतात आणि दिवा विझल्यावरच ते सुरू करतात.