सहेरीच्या वेळचा तो धक्का

रमजानमध्ये सहेरीला सगळे उठले की आमच्या घरी एक गोष्ट दर वर्षी निघतेच. दादी हयात होती तोवर ती सांगायची, आता अब्बा सांगतात. मुलांना ती तोंडपाठ झाली आहे, तरी ती ऐकतात.

११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट. रमजानचा पहिला अशरा चालू होता. चिपळूण तालुक्यातल्या आमच्या गावात चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगलोरी कौले असे घर. दादी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. दादा ओटीवर तहज्जुदच्या नमाजला उभे होते. नऊ वर्षांचे अब्बा आणि त्यांची भावंडे माजघरात झोपलेली, सर्वांत धाकटी फूफी पाळण्यात.

चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती. आधी घरघर ऐकू आली. दादीला वाटले, भरलेला ट्रक येतो आहे. पण त्या वेळी आमच्या गावात ट्रक येण्याजोगा रस्ताच नव्हता. हे तिच्या लक्षात येईपर्यंत फळीवरची भांडी खाली आली, कंदील झोके घेऊ लागला आणि कौले घसरू लागली. दादीने तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि दोन मुलांना दंडाला धरून खळ्यात ओढले. दादांनी नमाज तोडली, पाळण्यातल्या फूफीला उचलले आणि बाहेर धाव घेतली. उजाडल्यावर पाहिले तर पाळण्यात कौलांचे तुकडे भरले होते.

दादांना मात्र पुढे कितीतरी दिवस एकच रुखरुख लागून राहिली. आपण नमाज तोडली! शेवटी ते गावातल्या मौलवी साहेबांकडे गेले. मौलवी साहेब म्हणाले, "जीव वाचवण्यासाठी नमाज तोडणे हा गुनाह नाही. तुम्ही तसेच उभे राहिला असतात आणि पोरीला काही झाले असते, तर काय जवाब दिला असतात?" अब्बा ही गोष्ट सांगतात ती या वाक्यासाठी.

अफवा आणि भूगोल

त्या भूकंपाचे केंद्र कोयनानगरजवळ होते. आमच्या चिपळूणपासून हवाई अंतर मोजले तर ते तीस किलोमीटरच्या आसपास भरते. भूकंपाची तीव्रता ६.३ च्या घरात होती. सुमारे १८० माणसे मरण पावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरातली दगडी घरे जमीनदोस्त झाली. हादरा मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत जाणवला.

सकाळी घाटावरून बातम्या येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर अफवाही. 'धरण फुटले, वाशिष्ठीला लोंढा येतोय' असे कोणीतरी ओरडले आणि अर्धे गाव गाठोडी घेऊन टेकडीवर गेले. रोजा असलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्याही चढल्या. लोंढा काही आला नाही.

तो येणारही नव्हता. कोयना नदी सह्याद्रीच्या पूर्वेकडे, कऱ्हाडच्या दिशेने वाहते. धरण फुटलेच असते तर पाणी तिकडे गेले असते. आमच्याकडे कोयनेचे पाणी येते ते डोंगरातल्या बोगद्यांतून, पोफळीच्या वीजघरातून आणि मग वाशिष्ठीत. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला भेगा पडल्या हे खरे, पण ते उभे राहिले. पुढे काँक्रीटची जोड देऊन ते मजबूत करण्यात आले. इतका साधा भूगोल तेव्हा गावात कोणाला माहीत असता, तर त्या दिवशी टेकडीवर जीव दमले नसते.

धक्के थांबत का नाहीत?

त्यानंतर घरात झोपायची कोणाची हिंमत होईना. डिसेंबरच्या थंडीत सगळी वाडी खळ्यात गोधड्या टाकून झोपायची. इफ्तार, तरावीह, सहेरी सारे उघड्यावर. लहानसहान धक्के चालूच होते. जानेवारी १९६८ च्या सुरुवातीला ईद आली, तेव्हाही दादी शीरखुर्मा करायला आत जायची आणि जरा भांडे वाजले की बाहेर पळायची.

मोठ्या भूकंपानंतर जमिनीखालचे खडक नव्या जागी स्थिरावत असतात, म्हणून नंतरचे धक्के बसतात. ते कसे कमी होतात याचा नियम जपानच्या ओमोरी या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये मांडला. ढोबळमानाने सांगायचे तर पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले, तर दहाव्या दिवशी दहाच्या आसपास बसतात. संख्या घटते, पण मधूनच एखादा जोराचा धक्का येऊ शकतो. म्हणून तडा गेलेल्या घरात सामान आणायला घाईने शिरू नये.

कोयनेची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथले धक्के साठ वर्षे होत आली तरी थांबलेले नाहीत. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत धरणात पाणी साठू लागले आणि परिसर हादरू लागला. तेव्हापासून पाचहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त भूकंप तिथे झाले, लहान धक्के तर हजारोंनी. पाण्याचे ओझे आणि खडकांच्या फटींत मुरणारे पाणी यांमुळे आधीच ताणलेला खडक सरकतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. हे समजून घेण्यासाठी कोयना भागात तीन किलोमीटर खोल विवर खणण्यात आले आहे.

आमची चूक

हे सारे आम्हाला माहीत होते. तरीही वेळ आली तेव्हा आम्ही चुकलो.

१४ एप्रिल २०१२. शाळेत आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम नुकताच आटोपला होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर मुलांना खाऊ वाटत होतो. बाके थरथरली, खिडक्या वाजल्या. कोयनेच्या बाजूचाच धक्का, तीव्रता पाचच्या जवळपास. आम्ही ओरडलो, "पळा!"

मुले पळाली. जिना एकच. हादरा काही सेकंदांत संपला होता, इमारतीचे साधे प्लास्टरही पडले नव्हते. पण जिन्यात रेटारेटी झाली आणि सहावीतल्या एका मुलीचा हात मोडला. भूकंपाने तिला काही केले नव्हते. तिचा हात आमच्या त्या एका शब्दाने मोडला. तिच्या अम्मीची माफी मागताना आम्हाला मान वर करवत नव्हती. तेव्हापासून दर वर्षी जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात आम्ही वर्गात सराव घेतो.

तुम्हीही घरी घ्या. स्लॅबच्या इमारतीत असाल तर मजबूत टेबलाखाली बसा, डोके हातांनी झाका, हादरा थांबेपर्यंत जिना आणि लिफ्टकडे जाऊ नका. बैठे कौलारू घर असेल आणि दार जवळ असेल तर बाहेर पडा, पण पागोळीखाली उभे राहू नका, कौले तिथेच पडतात. पलंगावरच्या माळ्यावर पेट्या, पितळी भांडी ठेवू नका. हादरा थांबला की आधी गॅस बंद करा.

आणखी एक. आखातातून पैसा आला की जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर मजला चढवायची आपल्याकडे रीत आहे. भिंतींना चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधलेला नसेल तर असा मजला म्हणजे डोक्यावर टांगलेले ओझे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप कोयनेपेक्षा मोठा नव्हता. पण तिथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो लोक गेले.

तेव्हा आणि नंतरही काही जण म्हणत, तिथल्या लोकांचे गुनाह वाढले होते. असे म्हणण्याआधी थांबावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा चिमुकला मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला, तेव्हा प्रेषितांनी स्वतः तो नाकारला आणि लोकांना नमाज व दुआकडे वळवले. स्वतःच्या दुःखाच्या दिवशी त्यांनी हे केले. मग ढिगाऱ्याखाली गेलेल्या परक्या लेकरांचे गुनाह मोजणारे आपण कोण? त्यांच्यासाठी दुआ करावी, हात लावून मदत करावी आणि आपल्या घराच्या भिंती तपासाव्यात.

आमच्या गावच्या घराला आता पट्टा घातला आहे. मजला चढवलेला नाही. कौले तीच जुनी मंगलोरी आहेत आणि फूफी दर ईदला येते तेव्हा माजघरातल्या त्या कड्यांकडे पाहून हसते. पाळणा तिथेच टांगलेला असायचा.

अल्लाह सर्वांना आपल्या अमानमध्ये ठेवो. आमीन.