ठिपका आणि जहाज

पुण्यात बसून मोबाइलवर मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राकडे निघालेले पुरवठा जहाज शोधता येते, पण पडद्यावरच्या ठिपक्यावर विसंबू नये. जहाजावरचे एआयएस (स्वयंचलित ओळख) यंत्र स्थान व वेग आपोआप प्रसारित करते. गंतव्य मात्र खलाशी हाताने भरतात, आणि ते अनेकदा शिळे राहते. तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर असल्याने तिथले हे संदेश बहुधा उपग्रहच ऐकतात. जहाजाचे नाव, झेंडा बदलतात. सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक टिकतो, म्हणून तपशील त्यावरूनच पाहावेत. ठिकाण कळले की पुरे, असे कोणी म्हणेल. पण २७ जुलै २००५ला ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज जखमीला उतरवण्यासाठी मुंबई हायच्या तेलफलाटाला भिडले होते. ठिकाण ठाऊकच होते. पण लाटांत स्थिर न राहिल्याने ते राइझरवर (समुद्रतळातून तेल-वायू वर आणणाऱ्या नळीवर) आदळले, आग लागली, २२ जण गेले. जहाजाची लाटांत जागेवर स्थिर राहण्याची क्षमता म्हणूनच आधी तपासावी.