शंभर प्रतींचे पुस्तक

१८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटेखानी पुस्तक बाहेर पडले. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा. प्रती ५००, किंमत नऊ आणे. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर आदल्याच वर्षी अर्भकहत्येचा खटला चालला होता आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर आगपाखड सुरू होती. ताराबाईंनी या आगपाखडीला सडेतोड उत्तर दिले. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू उचलून धरली. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, आणि आज स्त्रीवादी विचाराचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही.

याच्या शेजारी फुल्यांचेच ‘तृतीय रत्न’ ठेवून पाहावे. हे नाटक त्यांनी १८५५ मध्ये लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले आणि ते छापायचे राहिले. हस्तलिखित उरले म्हणून १९७९ मध्ये ते छापून आले. मधल्या १२४ वर्षांत मराठी रंगभूमी उभी राहिली आणि बहरली, पण या नाटकाचा तिच्या घडणीत काही वाटा राहिला नाही. पाचशे प्रती निघाल्या असत्या, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते. ताराबाईंच्या पाचशे प्रतींनी आपल्या काळाशी भांडण मांडले, हे तर नोंदलेलेच आहे.

स्वतःचे पुस्तक स्वतः छापणाऱ्याकडे आपल्याकडे अजूनही जरा तुच्छतेने पाहिले जाते. कुणी प्रकाशक मिळाला नाही म्हणून पदरमोड केली, असा एक शेरा ठरलेला असतो. मराठी छपाईचा इतिहास या शेऱ्याला दुजोरा देत नाही. एकोणिसाव्या शतकात लेखक छापखान्याशी थेट बोलणी करी, वर्गणीदार जमवी, प्रती विके. विसाव्या शतकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला, तोही त्यासाठी नागपुरात स्वतंत्र मंडळी स्थापून. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवले ते खटले अंगावर घेऊन आणि पदरचे घालून.

पुढे १९५० आणि ६०च्या दशकांत छपाईचा खर्चही झेपेना, तेव्हा तरुण कवींनी सायक्लोस्टाइल हाताशी धरले. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइपरायटरने अक्षरे कोरायची, स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवायची आणि हँडल फिरवत प्रती काढायच्या. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांचे ‘शब्द’ असेच निघाले. लघुनियतकालिकांची सगळी चळवळ या काटकसरीवर उभी राहिली. १९७६ मध्ये मुंबईत कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चौघांनी ‘क्लिअरिंग हाउस’ काढले आणि पहिल्या फेरीत चौघांचे एकेक पुस्तक छापले. कोलटकरांचे इंग्रजी ‘जेजुरी’ त्यांतले एक. पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या मराठी कवितांचे पहिले पुस्तक १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने काढले. ‘भिजकी वही’ही ‘प्रास’चीच, आणि २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार तिलाच मिळाला. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नाणावलेले ग्राफिक डिझायनर होते. पुस्तकाचा आकार, मुखपृष्ठ, पानावरची मोकळी जागा हा त्यांच्या लेखी कवितेचाच भाग होता. आपले पुस्तक आपण काढण्यातले खरे स्वातंत्र्य हे असते.

आता यंत्राकडे वळू. थोड्या प्रती काढणे इतकी वर्षे महाग का पडत होते, हे फर्म्याच्या हिशेबात दिसते. डेमी कागद १८ × २३ इंचांचा. त्याला तीन घड्या घातल्या की आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे होतात. हा एक फर्मा. कडा कापल्यावर हाती येते ते साडेपाच × साडेआठ इंचांचे आपले ओळखीचे पुस्तक. १६० पृष्ठांच्या पुस्तकाचे दहा फर्मे. प्रत्येक फर्म्याच्या दोन बाजू, म्हणून ऑफसेटला मजकुराच्या वीस प्लेटा आणि रंगीत मुखपृष्ठाच्या आणखी चार. प्लेट चढवायची, शाई-पाण्याचे प्रमाण जुळवायचे, सुरुवातीचे ताव वाया घालवायचे. हे सगळे पन्नास प्रतींना करावे लागते तेवढेच हजार प्रतींना. हा खर्च हजारांत वाटला गेला की अंगावर येत नाही, पन्नासांत वाटला तर पुस्तकच परवडत नाही. मराठीत कित्येक वर्षे आवृत्ती म्हटली की हजार प्रती हे गणित रूढ झाले त्यामागे हा हिशेब होता. न खपलेले गठ्ठे लेखकाच्या माळ्यावर गेले तेही याच हिशेबाने.

डिजिटल यंत्राला प्लेट लागत नाही. संगणकातली फाइल थेट कागदावर उतरते. पहिल्या प्रतीचा दर आणि शंभराव्या प्रतीचा दर जवळपास सारखाच राहतो. म्हणून आज तीस प्रती काढाव्यात, त्या संपल्या की आणखी तीस, हे शक्य आहे. हजाराच्या घरात गेल्यावर मात्र ऑफसेटच स्वस्त पडते. मधली सीमारेषा पृष्ठसंख्या, रंग आणि कागद यांवर हलते. तेव्हा दोन्ही प्रकारचे दर लेखी मागवूनच निर्णय घ्यावा.

इथपर्यंत सगळे सोपे वाटते. अडचणी पुढे आहेत, आणि मराठी लेखकाच्या वाट्याला त्यांतली एक खास आपली येते. लेखक युनिकोडमध्ये लिहितो. बऱ्याच ठिकाणी अक्षरजुळणी मात्र अजून जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये चालते. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे फुटतात. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, ‘ॲ’च्या जागी चौकोन उमटतो, अवतरणचिन्हे उलटी बसतात. लेखकाने घरी दहा वेळा वाचलेली फाइल शुद्ध असते आणि छापलेले पुस्तक अशुद्ध निघते, ते यामुळे. म्हणून प्रुफे वाचायची ती रूपांतरानंतरची, कागदावर काढलेली, आणि शक्यतो दुसऱ्या माणसाने. रफाराचे आणि अर्ध्या र चे शब्द वेगळे शोधून तपासावेत.

दुसरी अडचण बांधणीची. कागदात तंतूंची एक दिशा असते. ही दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. छोट्या डिजिटल कामात कागद सोयीने आडवा-उभा लावला जातो. मग पुस्तक उघडे राहत नाही, पावसाळ्यात पाने लाटांसारखी वळतात आणि नुसत्या गरम डिंकावर धरलेला कणा लवकर सुटतो. नमुन्याची एक प्रत आधी करून घ्यावी, ती मधोमध पूर्ण उघडून पाहावी, आणि संदर्भासाठी वारंवार हाताळले जाणारे पुस्तक असेल तर दोऱ्याची शिलाई मागावी. चार पैसे जास्त जातात, पण पुस्तक टिकते.

तिसरी गोष्ट संपादनाची. चांगला प्रकाशक लेखकाला नाही म्हणतो, प्रकरण गाळायला लावतो, सनावळ्या पडताळून घेतो. स्वतः प्रकाशक झालेल्या लेखकाला नाही म्हणणारा माणूस पैसे देऊन किंवा मैत्रीखातर शोधावाच लागतो. पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही पाहावी. ‘पॅकेज’ देणाऱ्यांशी व्यवहार करायचा झाला, तर छापलेल्या प्रतींची संख्या, हक्क लेखकाकडेच राहतील हे वाक्य आणि अंतिम पीडीएफ फाइल या तीन गोष्टी करारात मागाव्यात. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्यासाठी वेगळे पैसे लावले जात असतील तर कारण विचारावे. या क्रमांकाने कॉपीराइट मिळतो असाही एक समज आहे. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून लेखकाचाच असतो. क्रमांक पुस्तक ओळखण्यापुरता.

आता सर्वांत महत्त्वाचे. एकोणिसाव्या शतकातल्या छोट्या पुस्तकांविषयी आपल्याला इतके तपशील ठाऊक आहेत ते १८६७च्या मुद्रण आणि ग्रंथनोंदणी कायद्यामुळे. प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण हवे, सरकारकडे प्रत हवी, आणि सरकारी सूचीत नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, पृष्ठे, प्रतींची संख्या, किंमत, हक्कधारक यांची नोंद हवी, असा तो कायदा होता. ब्रिटिशांना छापील शब्दावर नजर ठेवायची होती. त्यांच्या त्या संशयातून आपल्या वाङ्मयेतिहासाला अनमोल साधन मिळाले. १ मार्च २०२४ पासून हा कायदा रद्द होऊन त्याजागी नियतकालिकांपुरता नवा कायदा आला. पुस्तके त्यातून वगळली गेली.

उरला १९५४चा ग्रंथप्रदान कायदा. त्यानुसार प्रकाशकाने, म्हणजे स्वप्रकाशन करणाऱ्या लेखकानेसुद्धा, प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चाने चार प्रती पाठवायच्या: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे एशियाटिक सोसायटीतले मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत तर सर्वांत चांगल्या कागदावरची आणि नीट बांधलेली असावी, असे कायदाच सांगतो. न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. इतक्या दंडाची भीती कुणाला वाटणार? त्यामुळे आज गावाचा इतिहास, कुळाची बखर, बोलीचा शब्दसंग्रह, गिरणी कामगाराचे किंवा ऊसतोड मजुराचे आत्मकथन शंभर प्रतींत निघते, प्रकाशनसमारंभात वाटले जाते आणि कुठल्याही सूचीत न येता संपते. हजारांच्या आवृत्तीतल्या चार प्रती कुठे ना कुठे आपोआप तगतात. शंभरांच्या आवृत्तीला तो भरवसा नाही. छपाई जितकी थोडी, तितकी प्रत जपण्याची जबाबदारी मोठी.

हे काम अवघड नाही. शंभर प्रती काढायच्या तर चौऱ्याण्णवच वाटायच्या आहेत असे धरून चालावे. चार प्रती कायद्याच्या ग्रंथालयांना, एक जिल्ह्याच्या ग्रंथालयाला, आणि एक पुस्तक ज्या गावाविषयी किंवा विषयाविषयी असेल तिथल्या वाचनालयाला द्यावी. श्रेयनामावलीच्या पानावर आवृत्तीचा दिनांक, छापखान्याचे नाव आणि गाव, प्रतींची खरी संख्या स्पष्ट छापावी. दुसऱ्यांदा तीस प्रती काढल्या तर ‘दुसरे मुद्रण, ३० प्रती’ असे लिहायला लाजू नये. टपालाचा खर्च छपाईच्या अंदाजपत्रकातच धरावा. प्रत पोचल्याची पावती मागवून जपून ठेवावी. पुस्तक कुणासाठी लिहिले, असे लेखकाला विचारले तर तो वाचकांसाठी म्हणून सांगतो. त्यांतले कित्येक वाचक अजून जन्मायचे आहेत. त्यांच्या हाती पुस्तक पडण्याची सोय छपाईच्या बिलाबरोबरच व्हायला हवी.