कॅमेऱ्याची लेन्स : पडण्याआधीची काळजी आणि पडल्यानंतरची

मालेगावच्या यंत्रमाग कामगारांनी सिनेमे काढले, हे आता साऱ्या देशाला ठाऊक आहे. शेख नासिर यांचा 'मालेगाव के शोले' 2000 साली आला. पुढे 2008 मध्ये फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. सायकलची ट्रॉली, बैलगाडीची क्रेन आणि एक लहानसा व्हिडिओ कॅमेरा, एवढ्यावर ही मंडळी काम करताना त्यात दिसतात. याच माहितीपटात शूटिंग चालू असताना कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळे काम थांबते. पाहणारे हसतात. ज्याचे पोट कॅमेऱ्यावर आहे, त्याला मात्र हसू येत नाही.

नाशिक जिल्ह्यात आपल्या समाजातील अनेक तरुण निकाह-वलीम्याच्या फोटोग्राफीवर घर चालवतात. चांगली लेन्स पुष्कळदा कॅमेऱ्याहून महाग असते. हंगामात ती भाड्यानेही आणली जाते, म्हणजे दुसऱ्याची अमानत. एक लेन्स पडली की दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय हातातल्या ऑर्डरीही अडकतात.

छातीच्या उंचीवरून, म्हणजे सव्वा मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी 17-18 किलोमीटर असतो. 70-200 ची मोठी झूम लेन्स दीड किलोच्या आसपास भरते. अशा वेळी समोरची काच फुटतेच असे नाही. ती जाड असते. बिघाड आत होतो. लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ते माउंट वाकते, झूमची नळी अडकते, किंवा आतले एखादे भिंग केसभर सरकते. मग फोटोची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी पुसट येते. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून हा बिघाड सर्वांत फसवा. कॅननची 1990 सालची स्वस्त 50 एम.एम. लेन्स तर प्लॅस्टिक माउंटची होती आणि पडली की तिचे दोन तुकडे होण्याबद्दल प्रसिद्ध होती. 2015 मध्ये तिची नवी आवृत्ती धातूच्या माउंटची आली.

दुकानात फिल्टर बसवून देताना 'आता लेन्स सुरक्षित' असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे. धूळ, बोटांचे डाग, हळद-गुलाबजल यांपासून फिल्टर वाचवतो. पण पडल्यावर ही पातळ काच आधी फुटते, तिचे कण मागच्या भिंगावर ओरखडे काढू शकतात आणि चेपलेली कडी आट्यात अडकून बसते. धक्का सोसण्याचे काम हूड करतो. तो मोडतो, पण पुष्कळदा लेन्स वाचवतो, आणि तो लेन्सच्या मानाने अगदी स्वस्त असतो. आमच्याकडे बरेच जण हूड उलटा लावून फिरतात. तसा ठेवला तर समोरच्या काचेला त्याचा काहीच आधार मिळत नाही.

लेन्स हातातून निसटते त्याची कारणे साधी असतात : पट्ट्याची झिजलेली शिवण, ट्रायपॉडचा एक पाय न आवळलेला, बॅगेची चेन उघडी, गर्दीत उभ्याने लेन्स बदलणे. लेन्स बदलायची तर खाली बसावे आणि बॅग मांडीजवळ घ्यावी. जड लेन्स लावली असेल तर कॅमेरा नव्हे, लेन्स धरून उचलावे. ट्रायपॉडवरही लेन्सचीच कडी बसवावी. दुचाकीवर बॅग डिकीत किंवा पायापाशी ठेवू नये. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी आतले स्क्रू सैल होतात. पाठीवर बॅग बरी.

तरीही पडलीच तर घाईने झूम फिरवू नका, जोर लावू नका. हलवल्यावर खडखड आली तर लगेच घाबरू नये. हात थरथरल्याचा दोष काढणाऱ्या काही लेन्समध्ये बंद असताना असा आवाज येतोच. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा समोर सरळ ठेवा, छिद्र पूर्ण उघडून फोटो घ्या आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे ताडून पाहा. एक कोपरा पुसट आला तर त्या लेन्सवर पुढची ऑर्डर घेऊ नये. पाण्यात पडली तर बटण चालू करून 'बघू' नका. आधी बॅटरी काढा, आणि ड्रायरची गरम हवा मारू नका.

दुरुस्तीला देण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या 18-55 सारख्या लेन्सची दुरुस्ती जुन्या लेन्सच्या किमतीएवढी होऊ शकते. खर्च तिच्या जुन्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला तर आमच्या मते पैसे घालू नयेत. महाग लेन्स मात्र भिंगे जुळवण्याचे यंत्र असलेल्या कारागिराकडेच द्यावी. नुसती उघडून बंद केलेली लेन्स पूर्वीसारखी येत नाही.

विम्याबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत, ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. घ्यायचाच असेल तर दुकानाबाहेर नेलेला कॅमेरा त्यात धरला आहे का, हे आधी वाचून घ्यावे. नसेल घ्यायचा तर प्रत्येक ऑर्डरीतून ठरावीक रक्कम वेगळी काढावी. भाड्याची लेन्स नेताना आणि परत देताना मालकासमोर तीच वर्तमानपत्राची चाचणी करावी व लेन्सचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. शव्वालमध्ये लग्ने सुरू होतात, त्याआधी रमजानमधली एखादी दुपार पट्ट्यांची शिवण, कड्या आणि ट्रायपॉडचे स्क्रू तपासण्यासाठी राखून ठेवता येईल.